शंभरची हद्द

शशी,

तुझ्या मृत्यूची बातमी मीच लिहिली. लहानशी होती. डेस्कवर कुणीतरी म्हणालं, तुमचे मित्र होते, थोडी वाढवा. मी वाढवली नाही. शिक्षण, संशोधनाचा विषय, मागे कोण, अंत्यसंस्कार कुठे, एवढं होतं. त्यातलं एकही अक्षर आज बदलावं लागणार नाही. हा मजकूर तुला उद्देशून आहे. तो लिहायला बसलो तेव्हा तुझ्याबद्दलची एक गोष्ट माझ्याकडे आहे, जी ती बातमी लिहिताना नव्हती.

आपल्या शाळेतल्या प्रयोगशाळेला तुझं नाव देणार आहेत. पाटी काळ्या दगडाची, अक्षरं कोरलेली. मजकूर मी द्यायचा. मुख्याध्यापिका प्रभा मॅडम घरी येऊन सांगून गेल्या. खरं तर त्यांना नवा मजकूर नकोच आहे. माझ्या जुन्या लेखातलं एक वाक्य त्यांनी निवडून ठेवलंय. "तेच द्या. आमच्या मुलांना पाठ आहे," असं म्हणाल्या. वाक्य असं: "विद्यार्थिनीच्या हातून झालेली चूक स्वतःच्या शिरावर घेऊन ज्याने आपला शोध जगासमोर मागे घेतला, तो शास्त्रज्ञ आपल्या आचऱ्याचा आहे."

हे वाक्य माझं आहे. मी लिहिलेल्या वाक्यांत लोकांच्या लक्षात राहिलेलं बहुधा हे एकच. ते दगडावर जाऊ द्यायचं की नाही, हे मला ठरवायचं आहे. तू असतास तर तुला फोन केला असता. फोन केला असता, असं लिहिलं खरं, पण तू काय सांगितलं असतंस याची मला आता खात्री नाही. तुझ्याबद्दल असं वाटण्याची ही पहिलीच वेळ.

तुझा विषय मला समजला तो आपल्या गावच्या, आचऱ्याच्या खाडीवर. मी नुकताच पेपरात लागलो होतो, तू शिकायला परदेशी निघाला होतास. ओहोटी होती, मुखाशी वाळूचा दांडा उघडा पडला होता आणि आतल्या बाजूला दोन होड्या अडकून होत्या. तू म्हणालास, अणूच्या मधोमध केंद्रक असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. प्रमाण बरोबर असलं की ते टिकतं. प्रोटॉन वाढवत नेले की एक सीमा येते. तिच्यापलीकडे शेवटचा प्रोटॉन धरून ठेवणं केंद्रकाला जमत नाही. त्याला बाहेर पडायचंच असतं. पण मध्ये हा दांडा असतो.

"मग भरतीची वाट बघायची," मी म्हणालो.

"भरती येणारच नाही. दांडा आहे तेवढाच राहणार. तरी होडी कधीतरी पलीकडे असते."

"दांड्यावरून?"

"दांड्यातून."

"काय सांगतोस!"

"माका कित्या इचारतंस? निसर्गाक इचार."

पुढे तू सांगितलंस की असं केंद्रक पृथ्वीवर कुठे पडलेलं सापडत नाही. ते घडवावं लागतं. धातूच्या पातळ पत्र्यावर जड अणूंचा झोत सोडायचा, त्याला तुम्ही बीम म्हणता. कोट्यवधी टकरींमधून हवं ते केंद्रक एखाद्या वेळी तयार होतं. चुंबकांच्या वाटेने ते वेगळं काढायचं आणि सिलिकॉनच्या पातळ चकतीत रुतवायचं. रुतलं की एक सिग्नल. मग थांबायचं. त्याच जागी प्रोटॉन बाहेर पडला की दुसरा सिग्नल. दोहोंमधला वेळ म्हणजे त्या केंद्रकाचं आयुष्य. ते किती जगलं आणि प्रोटॉन किती जोराने सुटला, यावरून आत काय मांडणी होती हे उलगडायचं. या कामात तू सगळं आयुष्य घातलंस. मी ते अनेकदा लिहिलं, आणि प्रत्येक वेळी छापून आल्यावर तुझा फोन आला. "'जगात प्रथमच' काढ पुढच्या वेळी. आणि 'क्रांतिकारक' हा शब्द तुझ्या पेपरात कोण विकत घेतो रे?"

तुझ्याकडून मी काय शिकलो ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. एका वर्षी खाडीच्या मुखावर होडी उलटली होती. किनाऱ्यावर जो तो वेगळा आकडा सांगत होता. दुसऱ्या पेपरांनी पाच बुडाले म्हणून बातम्या तयार केल्या. तू सुट्टीवर आला होतास, माझ्याबरोबर वाळूत उभा होतास. मी विचारलं, काय लिहू? तू म्हणालास, "जेवढे मोजलेस तेवढे लिही." मी तीन मृत, दोन बेपत्ता असं लिहिलं. संपादकांनी सगळ्यांसमोर झापलं, की आपलीच बातमी लहान कशी? दुसऱ्या दिवशी ते दोघे तारकर्लीला किनाऱ्याला लागलेले सापडले, जिवंत. त्यांतल्या एकाच्या घरी आमचा पेपर सोडून बाकी सगळ्यांनी सुतक पाडलं होतं. नोकरीत माझी जी काही पत राहिली ती त्या बातमीपासून. ती तुझी देणगी. आज रागाने ती परत करावीशी वाटते, पण करता येत नाही. माझ्या हाताला तेच वळण लागलंय.

आता गावपळणीचं लिहितो. तुला सांगायला नको, पण हे बाहेरच्या कुणी वाचलं तर एवढंच: देवाचा कौल मिळाला की सगळं आचरा, गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं आणि पुन्हा कौल घेऊन घरी परततं. कौल म्हणजे मूर्तीला लावलेल्या ओल्या पाकळ्या. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. त्या वर्षी तू मुद्दाम रजा काढून आला होतास. तुझा प्रयोग नुकताच झाला होता. बीमचे दिवस संपले होते, मोजणी संगणकात बंद होती आणि परत गेल्यावर ती उघडायची होती. आपल्या दोन घरांची मिळून झावळांची एक खोपी होती. दुपारी जेवणं झाल्यावर शेजारचे नाना पान जुळवत येऊन बसले. नाना मानकऱ्यांपैकी. त्यांना तुझं काम समजून घ्यायचं होतं, आणि त्याहून जास्त तुझी मस्करी करायची होती.

"शशी, तुज्या थंयसर गावपळण आसता काय रे?"

"नाय नानानू. थंय मानसा घरातच रवतत."

"मगे तू करतंस काय थंय?"

तू प्रोटॉनचं सांगितलंस, त्यांना कळेल असं. नानांनी ऐकून घेतलं. "म्हणजे घरात जागा पुरना नाय, म्हणान एक जाण भायर पडता. मगे ही गावपळणच झाली मां! कौल घेता काय तो भायर पडाच्या आदी?"

खोपीतले सगळे हसले. तूही हसलास. म्हणालास, "तो घेना नाय. आमी घेतंव."

"आणि उजवो-डावो कोण ठरवता?"

"आमीच."

"आदी ठरवतास काय पडल्यावर?"

"आदी, नानानू. पडल्यावर ठरवलो तर तो कौल कसलो?"

"मगे बरा हा," नाना म्हणाले. "नायतर देवाक कित्या इचारूचा? आपलाच आपण सांगूचा."

नंतर, नाना सोडून बाकीचे आडवे झाल्यावर, तू माझ्याकडे वळून समजावलंस. चकतीच्या एकाच जागी दुसऱ्या कुठल्या तरी केंद्रकाचा सिग्नलही योगायोगाने येऊ शकतो. आपलं कोणतं आणि परकं कोणतं हे ठरवायला वेळेची हद्द लागते. ती मोजणी उघडण्याआधी ठरवायची आणि मग तिला हात लावायचा नाही. मी सवयीने विचारलं, किती ठरवली आहे?

"शंभर मायक्रोसेकंद. शंभरच्या आत आला तो आमचा. एकशे एकला आला तो दुसऱ्या कुणाचा."

मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. मी म्हणालो, "एवढ्याशा फरकासाठी? आणि उघडल्यावर मोह झाला तर?"

"मोह होईल म्हणूनच आधी ठरवायचं," तू म्हणालास.

तू परत गेलास. काही महिन्यांनी फोन आला. "चार दिसले. चार पुरेत. छाप." मी पहिल्या पानावर घेतली. मथळ्यात "जगात प्रथमच" होतं, आणि त्या वेळी तू ते काढायला सांगितलं नाहीस. मला बरं वाटलं होतं. गावाने देवळाच्या सभामंडपात सत्कार केला. एका वक्त्याने तुला अणुबॉम्बचे जनक म्हटलं, तेव्हा तू शाल सावरत माझ्या कानाशी पुटपुटलास, "आता गाव उडतला." त्या हसण्याचा फोटो आमच्याकडे आहे. तोच तुझ्या मृत्यूच्या बातमीबरोबर छापला.

पुढे दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तोच प्रयोग जास्त दिवस बीम लावून केला. केंद्रक त्यांना मिळालं, पण त्याचं आयुष्य तू सांगितलेल्यापेक्षा फारच कमी निघालं. म्हणजे तुझ्या चार सिग्नलांपैकी उशिरा आलेले दोन त्या केंद्रकाचे नव्हतेच. तू गावी आलास. वहिनी पडवीत ओले काजू सोलत होत्या, बोटांना चीक लागू नये म्हणून तेल लावून. तू झोपाळ्यावर होतास.

"निकाल मागे घेतोय," तू म्हणालास.

"का?"

"विश्लेषणाच्या प्रोग्राममध्ये हद्द चुकीची पडली होती. गटातल्या पोरीने घातली. हुशार आहे, पण घाई." तू पायाने झोपाळ्याला रेटा दिलास. "जबाबदारी माझी आहे. गट माझा आहे. मी तसं लिहून दिलंय."

वहिनी उठून आत गेल्या. त्या का उठल्या याचा मी तेव्हा विचार केला नाही. "जबाबदारी माझी" हे शब्द घेऊन मी ऑफिसात गेलो आणि एका बैठकीत लेख लिहिला. आपल्याकडे कोण चूक मान्य करतं? पुढारी करत नाही, अधिकारी करत नाही, आमचे पेपर करतात ते आतल्या पानावर, बारीक टायपात. आणि हा माणूस दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेतो. ते वाक्य त्या लेखातलं. शाळेत ते प्रार्थनेनंतर वाचून दाखवलं. मग तुझा फोन आला. म्हणालास, "तू जरा जास्तच लिहिलंस." मला तो विनय वाटला. ती माहिती होती.

परवा तुझ्या दिवसकार्याला नीलिमा आली होती. तुझी ती विद्यार्थिनी. कोल्हापुराहून एसटीने आली. आता ती तिथे अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते, क्लासमध्ये. वहिनींनी तिला बोलावलं होतं. पंगत उठल्यावर मी तिला गाडीतून मालवणला सोडायला निघालो. अर्धी वाट सरेपर्यंत ती समुद्राकडे बघत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, सरांनी तुला नेहमी सांभाळून घेतलं.

"तुमचा लेख मी तिकडे असतानाच वाचला होता, सर."

"हो का? कसा वाटला?"

"चांगला लिहिला होता. फक्त खरा नव्हता."

मी गाडी बाजूला घेतली. वाद घालायला नव्हे, ऐकताना चालवायची नसते म्हणून. ती रागावलेली नव्हती. परीक्षेत उत्तर सांगावं तसं सांगत होती. मोजणी उघडली तेव्हा हद्दीच्या आत दोनच सिग्नल होते. दोनवर जाहीर करता येत नाही, एवढं तुमच्या गटात ठरलेलं होतं. पुढचा बीम मिळण्याची शक्यता नव्हती आणि तुझी निवृत्ती जवळ आली होती. तू तिला फोनवर सांगितलंस, हद्द पुढे सरकव, बघू काय दिसतं. तिने नको म्हटलं. मग तू म्हणालास, नुसतं बघण्यासाठी. तिने सरकवली. आणखी दोन दिसले. पुढच्या बैठकीत तू चार म्हणून मांडलेस. प्रोग्राम तिने चालवला होता, त्यामुळे त्यावर नाव तिचं होतं. चौकशी झाली तेव्हा तू सांगितलंस की हद्द पहिल्यापासून तशीच चुकीची पडलेली होती आणि ते तुझ्या नजरेतून सुटलं. फोनवरचं बोलणं कुठे उमटत नाही. ती गट सोडून आली. दुसरीकडे अर्ज केले, तिथे शिफारस तुझीच लागणार होती.

"तुझ्याकडे काही आहे का, दाखवता येईल असं?" मी विचारलं.

"नाही. म्हणून तर मी कधी काही बोलले नाही."

तेव्हा मी तो प्रश्न विचारला. माझ्याकडचा आकडा तिला सांगितला नाही. चेहऱ्यावरही काही दिसू दिलं नाही. या धंद्यात ते येतं.

"मोजणी उघडण्याआधी हद्द किती ठरली होती?"

"शंभर," ती म्हणाली. "शंभर मायक्रोसेकंद. ते कुणाला सांगायची आम्हाला परवानगी नव्हती. तुम्ही का विचारताय?"

शशी, एकमेकांना न विचारता दोन माणसांनी एकच आकडा दिला की आमच्याकडे बातमी जाते. इथे एक माणूस ती आणि दुसरा तू. हद्द पहिल्यापासून चुकीची नव्हती. ती शंभर होती, हे तू मला मोजणी उघडण्याआधी, झावळांच्या खोपीत, नानांच्या देखत सांगितलं होतंस. नाना आता नाहीत. तेव्हा हे माहीत असलेला, तुझ्या गटाबाहेरचा माणूस एकटा मी उरतो. झोपाळ्यावर बसून तू मला ते उलटं सांगितलंस तेव्हा तुला हे आठवत होतं की नव्हतं, यावर मी बराच विचार केला. नव्हतं, असं धरलं तर तू मला काय सांगितलं होतंस तेही विसरलास. होतं, असं धरलं तर तुला खात्री होती की माझ्या डोक्यात आकडा टिकणार नाही, वाक्य टिकेल. दुसरं जास्त संभवतं. तू मला ओळखत होतास. बातमीदाराला कुठलं वाक्य गोड लागेल हे तुला ठाऊक होतं, आणि तेच तू माझ्या हातात दिलंस. फसवायला तू दुसरा कुणी शोधला असतास तर मला इतकं लागलं नसतं. तू नेमका तो निवडलास ज्याला जेवढं मोजलं तेवढंच लिहायला तू शिकवलं होतंस.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती तुला माहीत असणारच. तरी लिहितो.

"पहिले दोन खरे होते, सर. त्यांची ऊर्जा त्या दुसऱ्या प्रयोगाशी तंतोतंत जुळते."

"म्हणजे?"

"म्हणजे 'दोन दिसले आहेत, अजून हवेत' एवढंच लिहिलं असतं, तर आज आम्ही बरोबर ठरलो असतो. पहिले आम्हीच असतो." ती हसली. पहिल्यांदाच. "सरांना मी हेच म्हणाले होते. ते म्हणाले, दोनला कोण विचारतं?"

मालवणच्या स्टँडवर मी विचारलं, पाटीचं काय करू? ती म्हणाली, "पाटीवर काय वाट्टेल ते लिहा. मी शाळेत येऊन वाचणार नाही. पण तो लेख अजून इंटरनेटवर आहे. माझं नाव त्यात नाही, ठीक. पण आमच्या गटात विद्यार्थिनी एकच होती." कोल्हापूरची एसटी लागली होती. ती चढली.

मी दुसऱ्या दिवशी वहिनींकडे गेलो. छापण्याआधी घरच्यांना सांगायचं, ही पद्धत मी पहिल्यापासून पाळतो. कधी कधी शिव्या खातो. वहिनी पडवीतच होत्या, तुझ्या झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालत होत्या. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तेलाची वाटी खाली ठेवली.

"भावजी, ह्या तुमी पेपरात घालतलास?"

"घालणार आहे, वहिनी."

"ह्येंचा नाव खराब होतला."

"थोडं होईल."

त्यांनी अंगणातल्या माडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "थंय आसताना ती पोर आयतवारी आमच्याकडे जेवक येय. मगे एकदम येवची बंद झाली. मी ह्येंका इचारलंय, पोर खंय आसा? तर म्हणाले, तिका काम आसा. नाचण्याच्या लाडवांचो डबो भरून ठेवलेलंय तिच्यासाठी. तो तसोच रवलो. शेवटी ह्येंनीच खाल्ल्यांनी." त्यांनी पदराने हात पुसले. "माका तेवाच कळलेला, कायतरी झाला हा. इचारूक भियालंय. आता तुमका नको खंयच्या तोंडान सांगू?"

मी खाली ठेवलेली तेलाची वाटी उचलून त्यांच्या हातात दिली.

"घाला," त्या म्हणाल्या. "पण एकदाच घाला. रोज रोज नको."

तू कुठे आहेस मला माहीत नाही आणि तू असशील यावर माझा विश्वासही नाही, पण तुझं घर चांगल्या हातात आहे एवढं तुला कळवतो.

प्रभा मॅडमना मी पाटीचा मजकूर फोनवर दिला. तुझं नाव, खाली "भौतिकशास्त्र प्रयोगशाळा", खाली "या शाळेचे विद्यार्थी".

"एवढंच?"

"एवढं नक्की खरं आहे."

"अहो, पण मुलांना प्रेरणा मिळायला काहीतरी नको का? दगड केवढा आणलाय आम्ही!"

"कडेला कमळं कोरा."

"आणि ते वाक्य? मुलांना पाठ आहे हो ते."

"ते चुकीचं निघालंय, मॅडम. पेपरात येईल तेही वाचून दाखवा."

मग म्हणाल्या, वाचून दाखवेन. दाखवतील असं वाटतं. त्या बाई शब्दाच्या पक्क्या आहेत. हल्ली मी हे कुणाबद्दल म्हणताना थांबतो, पण त्यांच्याबद्दल म्हणतो.

शशी, तुझ्यावरचा राग मला नीट लिहिता येत नाही. तू मेला नसतास तर समोर बसवून विचारलं असतं आणि तू काहीतरी अचूक, काटेकोर उत्तर दिलं असतंस. आपण भांडलो असतो आणि वहिनींनी चहा आणून दोघांना गप्प केलं असतं. ते भांडण माझं राहून गेलं. मनातल्या मनात मी ते करून पाहिलं, पण तुझी उत्तरं मीच लिहितो आहे असं लक्षात आलं आणि थांबलो. तुझ्या तोंडी मी वाक्य घालणार नाही.

खुलासा लिहून मी नीलिमाला फोनवर वाचून दाखवला. पहिल्या मसुद्यात मी "शोध खोटा होता" असं लिहिलं होतं. मला तसं लिहायचं होतं. तिने मध्येच थांबवलं.

"असं नका लिहू. दोन होते."

"त्याने तुझं काय केलं ते..."

"ते वेगळं. दोन सिग्नल होते, सर. ते सरांनी मिळवले होते. ते काढून टाकता येणार नाहीत." मग म्हणाली, "आणि नाव घाला माझं. विद्यार्थिनी म्हणून एकदा झालंय ना छापून."

तो लेख जिथे आला होता त्याच जागी, त्याच टायपात, खुलासा हा असा जाईल:

"या वृत्तपत्रात पूर्वी प्रसिद्ध झालेल्या एका लेखात, प्रोटॉन उत्सर्जित करणाऱ्या अणुकेंद्रकाविषयीचा निष्कर्ष विद्यार्थिनीच्या चुकीमुळे मागे घ्यावा लागल्याचे म्हटले होते. ते चुकीचे होते. मोजणी उघडण्यापूर्वी ठरलेली कालमर्यादा शंभर मायक्रोसेकंद होती. ती नंतर गटप्रमुख डॉ. शशिकांत यांच्या सांगण्यावरून वाढवण्यात आली. या बदलाला विद्यार्थिनी नीलिमा यांनी हरकत घेतली होती. मूळ मर्यादेत नोंदले गेलेले दोन सिग्नल नंतरच्या प्रयोगाशी जुळतात, ते डॉ. शशिकांत यांच्या गटाचे काम आहे."

अशा मजकुराखाली आमच्याकडे आणखी एक ओळ जाते. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला विचारल्याचं सांगणारी. ती तयारच असते, नुसतं नाव घालायचं. रेडीच्या खाणवाल्यांपासून मालवणच्या नगरसेवकांपर्यंत किती जणांसाठी ती टाकली असेल. फोन न उचलणारे, उचलून ठेवून देणारे, गावाला गेलेले. आज तीच ओळ टाकली आणि पान छपाईला सोडलं.

डॉ. शशिकांत यांची बाजू समजू शकली नाही.